प्राण्यांच्या प्रकल्पातून स्क्रॅच शिकवावे का?

प्रश्न (शिक्षिका, खानापूर तालुका, जि. बेळगाव): पाचवीच्या मुलांना प्राण्यांची माहिती शोधायला लावून तिच्यावर स्क्रॅचमध्ये (सूचनांचे ठोकळे जोडून कोडिंग करण्याचे मुलांसाठीचे सॉफ्टवेअर) प्रकल्प करून घ्यावा, असे मनात आहे, परंतु मुले चित्रे सजवण्यातच रमतील आणि कोडिंग बाजूला राहील, अशी शंका वाटते. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: बाई, प्राणी जवळचाच निवडा. भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांमधले रॉटनचे वटवाघूळ घेतल्यास ‘रात्र असेल तर उडावे, नाहीतर लटकून राहावे’ या एकाच अटीतून ‘जर-तर’चा ठोकळा समजतो, आणि ते कीटक खाते ही शोधलेली माहिती, कीटकाला स्पर्श होताच गुण वाढवणाऱ्या चलात (बदलती संख्या साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) उतरते. माहितीवाचून ठोकळा जोडताच येऊ नये, एवढे पाहावे. सजावट शेवटच्या तासाला, तीही वेळ उरला तर.

उत्तर २ (निपाणी): इंटरनेटची अडचण असल्यास स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती चालते. पहिली-दुसरीसाठी मात्र स्क्रॅचज्युनिअर बरे, कारण त्यात वाचनाची गरज जवळजवळ पडत नाही.

प्रश्नकर्ती: घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारे कांड्या करकोचेही असेच घेता येतील का?

उत्तर १: अवश्य. स्थलांतर दाखवताना पार्श्वभूमी बदलण्याचा ठोकळा वापरावा. कोणत्या ऋतूत कोणती पार्श्वभूमी, हे मात्र मुलांनीच शोधावे.