मदत हवी आहे: टप नसलेल्या जीपमधून पहाटे सौंदत्तीला, थंडीचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. मामांकडून आलेली महिंद्राची सीजे ३ बी आहे घरात, ती उंच बॉनेटवाली, पेट्रोल. इंजिन ठणठणीत, ब्रेक नवे, कागदपत्रं चालू. अडचण एकच, टप. जुना कॅनव्हास पार चिंध्या झाला म्हणून बेळगावात कुशनवाल्याकडं नवा शिवायला टाकलाय. तो म्हणतो, संक्रांत होऊ दे, मग बघू. कमानीचे पाइप तेवढे गाडीवर आहेत.

इकडं आईनं मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माचं दर्शन घ्यायचं ठरवलंय आणि जायचं तेही ह्याच गाडीतून. बसचं नाव काढलं तर "माझ्या भावाची गाडी दारात असताना बस कशाला?" पुढं बोलायची सोय नाही. पौर्णिमेला डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आदल्या दिवशी जायचं एवढं मान्य करून घेतलंय. पहाटे साडेचारला निघणार, बैलहोंगलवरून. आमच्याकडं निदान झाडी आहे. तिकडं काळं रान, जोंधळा नि हरभरा, आडोशाला काही नाही.

परवा पहाटे नुसती चाचणी म्हणून नंदगडपर्यंत जाऊन आलो. काच उभी, अंगात जर्किन, डोक्याला कानटोपी. समोरून वारं फारसं लागत नाही, पण मानेवर नि पाठीवर असं बसतं की विचारू नका. कानटोपीचा गोंडा मागून उडून कपाळावर येत होता. गाडी पुढं चाललीय आणि वारं मागून कसं येतं वो?

दुसरं म्हणजे पाय. क्लच-ब्रेकच्या पेडलांना फ्लोअरमध्ये खाचा आहेत, त्यांतून सरळ गार झोत. डाव्या पायाची बोटं बधिर झाल्यावर क्लच किती दाबलाय तेच कळेना. स्टिअरिंग धरवत नव्हतं ते वेगळंच.

मी कसाही जाईन. आई ६८ वर्षांची, साखरेचा त्रास आहे. तिला ऊब मिळेल असं काय करता येईल? गाडीला भोकं पाडायची नाहीत, मूळ रूप बिघडवायचं नाही. हीटर नाही.

निपाणीकर

वारं मागूनच येतं, तुमचं बरोबर आहे. उभ्या काचेवरून हवा वर उसळून मागं जाते. काचेच्या मागं पोकळी राहते, तिथं दाब कमी. मग वरून गेलेली हवा मागच्या बाजूनं वळसा घेऊन त्या पोकळीत शिरते आणि तुमच्या मानेवर येते. म्हणून पुढं कितीही झाकलं तरी उपयोग होत नाही. आडोसा पुढच्या सीटच्या पाठीमागं पाहिजे.

परदेशी उघड्या गाड्यांत सीटमागं जाळीचा पडदा असतो तो याचसाठी. जाळीच का, तर सपाट फळी लावली की हवा तिच्यावरून पुन्हा उसळते आणि डोक्यामागं भोवरा तयार होतो. जाळीतून थोडी हवा येते, पण तिचा जोर मोडलेला असतो. तुमच्याकडं रोपांवर घालायचं शेडनेट असेलच. दुहेरी घडी करून कमानीच्या पाइपांना ताणून बांधा, खाली सीटच्या बुडापासून वर कानाच्या उंचीपर्यंत. सैल ठेवलात तर फडफडीनं डोकं उठेल.

आणि वेग. हवा १० अंश असेल आणि ताशी ५० किलोमीटरचं वारं थेट अंगावर येत असेल तर उघड्या कातडीला ते ५-६ अंशांसारखं लागतं. ४० नं चाला. तसंही त्या गाडीचं वय बघता ४० च बरं.

उद्यमबाग

दादा, आधी एक सांगा, इंजिनात थर्मोस्टॅट आहे का? म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. आपल्याकडं "गाडी गरम होते" म्हटलं की मेस्त्री पहिला थर्मोस्टॅट काढून फेकतो. मग हिवाळ्यात इंजिन धड तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, चोक ओढून बसावं लागतं. इंजिन नीट तापलं तर गिअरबॉक्सच्या अंगानं आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन नि आपल्यामधल्या पत्र्यातून, पायांना जी थोडी धग मिळते, तीसुद्धा तुम्हाला मिळत नसणार. नसेल तर बसवून घ्या. गाडीचं मूळ रूप बिघडत नाही, उलट मूळ होतं ते परत येतं.

तोपर्यंत जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय, रेडिएटरच्या पुढं निम्म्या भागाला गोणपाट. मात्र टेंपरेचरच्या काट्यावर नजर पाहिजे. ऊन वर आलं किंवा चढ लागला की काढायचं. सौंदत्तीचा डोंगर गोणपाट लावून चढू नका.

पेडलच्या खाचांना जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, मधे फक्त चीर मारा, कडेनं पट्टीखाली दाबून बसवा. पेडल दाबून सोडून बघा, रबर कुठं अडकून पेडल खाली राहता कामा नये. फ्लोअरवर मॅटखाली तरटाची घडी घाला. निम्मी थंडी तिथंच कमी होते.

चंदगडची

भाऊ, आईंबद्दल सांगते. साखर असलेल्यांच्या पायांना चटका लवकर कळत नाही. त्यामुळं गरम पाण्याची रबरी पिशवी पायाखाली ठेवायचा मोह होईल, तो टाळा. आमच्या नात्यात एकांच्या तळव्याला असाच फोड आला आणि कितीतरी दिवस जखम भरेना. पिशवी टॉवेलात गुंडाळून मांडीवर, शालीच्या आत द्या. हातही तिथंच शेकतात. पायात सैल लोकरी मोजे आणि बंद बूट. घट्ट मोज्यांवर मोजे चढवले तर रक्त खेळत नाही, पाय आणखी गार पडतात.

लोकर ऊब धरते, पण वारं तिच्यातून आरपार जातं. आत स्वेटर, वर शाल आणि सगळ्यांत बाहेर रेनकोट. दिसायला कसंतरीच दिसतं, पण पहाटे साडेचारला बघायला कोण येतंय? घोंगडं असेल तर कमरेपासून खाली पायांभोवती घ्या आणि कडा सीटखाली खोचा. पदर आत खोचलेला पाहिजे, उघड्या गाडीत सुटलेला पदर नको. मफलरचंही तेच.

नाष्टा करूनच निघा. गोळ्या-इन्शुलिन असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

बसवाला

आईला सांगा, लाल बसमध्ये खिडकी बंद करता येते 😄

धागाकर्ता

सांगितलं. "मग तूच जा बसनं, गाडी मी चालवते" असं उत्तर आलं.

सगळ्यांचे आभार. शेडनेट घरातच निघालं, मिरचीच्या रोपांवरचं. काल दुहेरी बांधून खानापूरपर्यंत फिरवून आणलं, गोंडा जागेवर राहिला! थर्मोस्टॅटची जागा उघडून बघितली, आत काहीच नाही. मेस्त्री म्हणाला, "कशाला पाहिजे, गाडी गार राहतीय की."

अजून एक विचारतो. बाजूला ताडपत्रीचे पडदे बांधावेत का? डावी बाजू बंद केली तर आईला बरं पडेल.

उद्यमबाग

दारापुरता, खांद्यापर्यंतचा पडदा बांधा, हरकत नाही. दोन्ही बाजू बंद आणि मागचं सगळं उघडं असं मात्र करू नका. निपाणीकरांनी मगाशी सांगितलेल्या त्या काचेमागच्या पोकळीत हवेबरोबर सायलेन्सरचा धूरही मागून आत ओढला जातो. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड झालं, मळमळलं की थंडीमुळं असेल असं आपण समजतो. जायच्या आधी गाडी सुरू करून मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथपासून, शेवटपर्यंत पाइप तपासा, जॉइंटला काळी काजळी दिसली की तिथनं गळतंय. शेपटीचा पाइप बॉडीच्या बाहेरपर्यंत आलेला पाहिजे. वाटेत कुणाचंही डोकं दुखायला लागलं तर पडदा सोडा आणि गाडी बाजूला घ्या. आणि कुणी शेगडी ठेवा म्हणेल, तर त्याला गाडीतनं खाली उतरवा.

धागाकर्ता

मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, म्हणजे जोडातल्या पॅकिंगला, काजळी आहे. उद्या बेळगावला येतो. गॅस्केट आणि थर्मोस्टॅट दोन्ही एका ठिकाणी मिळतील का, की थर्मोस्टॅट मागवावा लागेल?

उद्यमबाग

गॅस्केट मिळेल. थर्मोस्टॅटसाठी तो इंजिनात बसतो त्या जागेचं माप घेऊन या, आणि दहाच्या आधी येऊ नका, दुकानं उघडत नाहीत.