मदत हवी आहे: रोज सकाळी सगळ्या क्लायंटच्या साइट एकदम झोपतात

आंबा_आणि_एरर
लवकर सांगा कुणीतरी, डोकं फिरायची वेळ आलीय. चार दिवस झाले, सकाळी सात-सव्वासातला सगळ्या वर्डप्रेस साइट बंद. पांढऱ्या पानावर एकच ओळ, डेटाबेसशी कनेक्शन होत नाही. मायएसक्यूएल (डेटाबेस) कधी आपोआप उठतं, कधी हाताने रीस्टार्ट करावं लागतं. मग दिवसभर ठणठणीत. पासवर्ड बरोबर आहे, ते विचारू नका. मागच्या महिन्यात शेअर्ड होस्टिंगवरून (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट, सांभाळणारी कंपनी) स्वतःच्या क्लाउड सर्व्हरवर आलोय. क्लायंट होमस्टेवाले वगैरे आहेत, पण एक हापूसवाले काका, ऐन सीझन, ऑर्डरी सकाळीच येतात. आज काकांचा फोन माझ्या चहाच्या आधी आला.

टर्मिनलवाला
साइट किती? रॅम किती? कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी', म्हणजे रॅम संपल्याची नोंद, दिसतंय का? चार दिवसांपूर्वी काय बदललं?

जुना_खोंड
शेअर्डवर काय वाईट चाललं होतं? आम्ही पंधरा वर्षं शेअर्डवर आहोत, रात्री झोप लागते. हल्ली ज्याला त्याला क्लाउड हवा. सर्व्हर सांभाळायचा म्हणजे दारात म्हैस बांधण्यासारखं आहे, धार काढायला रोज तुम्हीच.

आंबा_आणि_एरर
सर्व्हर मुंबईचा आहे, उबुंटू लिनक्स. काहीही बदललेलं नाही.

टर्मिनलवाला
मुंबईचा आहे हे कळलं. रॅम?

हलकंफुलकं
होमस्टे आणि आंब्यांना वर्डप्रेस कशाला? स्टॅटिक साइट करा, डेटाबेसच नाही तर तो बंद काय पडणार.

टर्मिनलवाला
@हलकंफुलकं आणि ऑर्डर कुठे घ्यायची, शंखातून? काकांना भाव स्वतः बदलायचा असतो. पेटीचा भाव रोज हलतो.

आंबा_आणि_एरर
२ जीबी. ११ साइट. लॉगमध्ये खरंच 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' आणि पुढे मायएसक्यूएलचं नाव आहे. म्हणजे मायएसक्यूएल जास्त खातंय? ते काढून तसाच दुसरा डेटाबेस, मारियाडीबी, टाकू का?

टर्मिनलवाला
थांबा. मेला तो मायएसक्यूएल, मारेकरी दुसराच. रॅम संपली की कर्नल साधारण सगळ्यात जाडजूड प्रोसेस उचलतो, आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच असते. खाणारा पीएचपी असणार, म्हणजे वर्डप्रेस चालवणाऱ्या प्रोसेस. प्रत्येक साइटला त्यांचा वेगळा गट, म्हणजे पूल, केलाय? मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका पूलमध्ये जास्तीत जास्त प्रोसेस, किती?

आंबा_आणि_एरर
हो, वेगळे. आकडा आहे तसाच ठेवलाय, ५.

टर्मिनलवाला
११ गुणिले ५ म्हणजे ५५. एकेकाचे ६० एमबी धरले तरी ३,३०० एमबी होतात. तुमच्याकडे आहे २ जीबी, त्यात डेटाबेसही बसलेला. एरवी सगळे एकदम जागे नसतात म्हणून निभावतं. सकाळी सातला त्यांना एकत्र कोण उठवतं ते शोधा. आणि स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, आहे का? क्लाउडच्या उबुंटूत बहुतेक नसतोच.

कुंपणावरचा
एक्सएमएल-आरपीसीवर (बाहेरून वर्डप्रेसला आदेश द्यायची जुनी फाइल) मारा होत असेल. ॲक्सेस लॉगमध्ये त्या फाइलवर पोस्ट रिक्वेस्टची रांग दिसते का बघा. माझ्याकडे तेच होतं. बंद करून टाका ती फाइल.

एकसाइट_एकसर्व्हर
मुळात ११ साइट एका सर्व्हरवर हीच चूक. प्रत्येकाला छोटा वेगळा घ्या. एकाचं दुखणं दुसऱ्याला नको.

टर्मिनलवाला
एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचा क्लाउड) फेब्रुवारी २०२४ पासून सर्व्हरच्या प्रत्येक पब्लिक इंटरनेट पत्त्याचे (आयपीव्ही४) ताशी ०.००५ डॉलर लागतात. महिन्याला साधारण ३.६ डॉलर, ११ सर्व्हरचे चाळीसेक डॉलर नुसत्या पत्त्यांचे. शिवाय ११ ठिकाणी अपडेट. तुम्ही येणार का करायला?

एकसाइट_एकसर्व्हर
ऑटोमेशन नावाचा प्रकार असतो.

जुना_खोंड
२०१६ ला एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन (तिथली डेटासेंटर) यायच्या आधी सगळं सिंगापूरला ठेवावं लागायचं. तेव्हाही साइट चालायच्याच.

पोस्टमनकाका
एक सांगून ठेवतो. बरेच क्लाउडवाले मेल बाहेर जाण्याचा रस्ता, २५ नंबरचं पोर्ट, बंद ठेवतात. साइटवरून थेट मेल जात नाही आणि बाहेरून काही कळतही नाही. मेलची सेवा वेगळी घ्या आणि एसएमटीपीने (मेल पाठवायची ठरलेली पद्धत) जोडा. मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम या नोंदी विसरू नका.

आंबा_आणि_एरर
पोस्टमनकाका, मेलचं कोण विचारतंय? साइट बंद आहेत इथे!

एक्सएमएल-आरपीसीवर काही नाही. स्वॅप नाही. आणि हां, बॅकअपचं प्लगइन टाकलं होतं गेल्या आठवड्यात, सगळ्या साइटवर एकाच दिवशी. पण ते रात्री ३ ला लावलंय, त्याचा सकाळी ७ शी काय संबंध?

टर्मिनलवाला
'काहीही बदललेलं नाही' म्हणालात ना?! असो. वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं करणारा भाग, घड्याळावर चालत नाही. कुणी साइट उघडली की तो बघतो, काही काम राहिलंय का. गुहागरच्या होमस्टेची साइट पहाटे तीनला कोण उघडतंय? पहिला पाहुणा येईल तेव्हा बॅकअप सुरू. पण अकराच्या अकरा साइट सातलाच कोण उघडतं हे मला कळत नाही.

आंबा_आणि_एरर
…मी. उठल्या उठल्या सगळ्या साइट टॅबमध्ये उघडतो, चालू आहेत ना बघायला.

कुंपणावरचा
😂😂

टर्मिनलवाला
सापडला मारेकरी. आता करा असं. डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन' ट्रू करा आणि सर्व्हरच्या क्रॉनमधून प्रत्येक साइटचं दर पाच-दहा मिनिटांनी चालवा. तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर बरोबर ३ ला सगळे एकत्र उठतील. बॅकअपच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी पुढे सरकवा. २ जीबी स्वॅप. पूल 'ऑनडिमांड' (लागेल तेव्हाच प्रोसेस) करून मॅक्स चिल्ड्रन छोट्या साइटना २, हापूसवाल्या काकांना ४. कॅश (तयार पानं साठवून तीच देणं) टाकलंत तर कार्ट आणि चेकआउटची पानं वगळा, नाहीतर एकाच्या पेट्या दुसऱ्याला दिसतील. बॅकअप जातो कुठे?

आंबा_आणि_एरर
त्याच सर्व्हरवर.

एकसाइट_एकसर्व्हर
धन्य.

टर्मिनलवाला
मग तो बॅकअप नाही, डिस्क भरायची सोय आहे. ऑब्जेक्ट स्टोरेजला (सर्व्हरबाहेरची क्लाउडमधली साठवण) पाठवा आणि आठवड्यातून एकदा एखादा उघडून बघा.

हलकंफुलकं
देखभालीचे वर्षाला किती घेता तुम्ही लोक? माझे क्लायंट हजाराच्या वर जात नाहीत.

जुना_खोंड
त्यासाठी वेगळा धागा काढा.

आंबा_आणि_एरर
दोन दिवस झाले, सकाळी सगळं उभं आहे. मॉनिटरिंग लावलंय, टॅब उघडणं बंद. टर्मिनलवाला, काकांकडून तुम्हाला एक पेटी, खरंच.

@पोस्टमनकाका, ते २५ नंबरचं जरा परत सांगता का? दातांच्या डॉक्टरांचा आत्ता फोन आला. अपॉइंटमेंटच्या फॉर्मचे मेल महिनाभर आलेलेच नाहीत म्हणे.