'नज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: इथे इंदूरला आमच्या मंडळाच्या आरोग्य शिबिराचं पत्रक लिहितेय. विषय असा की सवयी सुधारायला लोकांना रागावण्यापेक्षा 'नज' (nudge) करावं, म्हणजे निवड त्यांच्याच हाती ठेवून हळूच चांगल्याकडे वळवावं. ही कल्पना मांडणाऱ्या रिचर्ड थेलरना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आपल्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीतही नजवर अख्खं प्रकरण होतं, पण मराठी शब्द काही सापडेना. 'कोपरखळी' चालेल का?

उत्तर: ताई, कोपरखळी नका लिहू. ती बोलता बोलता मारलेली असते, ज्याला लागते तो ओशाळतो. 'वळण लावणं' त्यातल्या त्यात जवळचं, पण त्यात धाक आला. मला 'कलानं घेणं' आवडेल.

प्रश्नकर्ती: पण काका, कलानं घेणं म्हणजे समोरच्याचंच चालू देणं ना? नजमध्ये दिशा आपण ठरवलेली असते.

उत्तर: नाही हो, आजी नातवाला कलाकलानं घेत भरवायची तेव्हा वरणभात पोटात जावा हे तिचं ठरलेलंच असायचं, फक्त कधी आणि कोणत्या गोष्टीबरोबर ते ती त्याच्या कलानं बघायची.

आणखी एक: मीही इंदूरचीच. आमच्या भजनी मंडळात पोह्यांची प्लेट यायची तीच वर शेवेचा ढीग घेऊन, मग सगळ्या तो संपवायच्या कारण टाकवत नाही. आता पोहे, कांदा, लिंबू, जिरावण मसाला प्लेटमध्ये आणि शेव बाजूला वाटीत, चहाच्या चमच्यासकट. कुणाला काहीच सांगितलं नाही, पहिल्याच गुरुवारी वाटी अर्धी उरली. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मी दोन वर्षं बोलून दाखवत होते आणि सगळ्या मान डोलावून शेव घेत होत्या.

प्रश्नकर्ती: वा, हेच पत्रकात घालते! पण वाटी आत स्वयंपाकघरातच ठेवली असती तर?

आणखी एक: मग ते कलानं घेणं नाही, लपवणं झालं. आमच्यात एक आत्या आहेत, त्या अजूनही तीन चमचे घेतात आणि वाटी त्यांच्या हाताशीच असते, ती तिथे असायलाच हवी.

प्रश्नकर्ती: ठरलं, 'कलानं घेणं'. आता नाम म्हणून एकच शब्द हवाय, शीर्षकात बसेल असा. 'कलवणी' कसं वाटतं?

उत्तर: नको ताई, कालवणासारखं ऐकू येतं. शीर्षकातही 'कलानं घेऊ या' असंच राहू द्या, वाचणाऱ्याला लगेच कळेल.