लहान पोरांना घेऊन क्रूझ: केबिन कुठली घ्यायची?

टिळकवाडी_आई
नमस्कार सगळ्यांना. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबई-गोवा क्रूझला जायचं ठरवालोय, आमच्या इकडे बेळगावात कर्नाटकच्या शाळांना दिवाळीपेक्षा तीच सुट्टी मोठी असतेय त्यामुळे दुसरा काही चान्स नाही. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी ५ वर्षांची आणि बाळ दीड वर्षाचं. बाळ सध्या दिसेल त्याच्यावर चढतंय, खुर्ची म्हणू नका टीपॉय म्हणू नका. एजंट म्हणतोय बाल्कनीवालीच घ्या मॅडम, आयुष्यात एकदाच जाताय. मिस्टर म्हणतात आत झोपायलाच तर जायचंय, बिनखिडकीची स्वस्तातली बास झाली. सासूबाईंना बंद खोलीत गुदमरतंय. आणि मुलीला गोव्याला जाताना चोर्ला घाटात चौथ्या वळणावर उलटी होतेय, तिचं समुद्रावर काय होणार देव जाणे. लहान पोरांना घेऊन खरंच कुणी गेलं असेल तर सांगा, यूट्यूबवाले सगळे नवराबायकोच दिसालेत.

निपाणीची_सून
ताई आम्ही जाऊन आलोय, आमची दोन्ही तेव्हा लहानच होती. पहिलं म्हणजे तुम्ही पाच जण आहात, तीन मोठे आणि पोरं असा हिशोब धरू नका, बाळसुद्धा एक माणूस म्हणूनच मोजतात कारण लाइफबोटीत त्याची पण जागा लागते. बहुतेक केबिन जास्तीत जास्त चार जणांच्या. म्हणजे तुम्हाला दोन केबिन लागणारच असं धरून चला आणि मगच बाल्कनी का खिडकी ते बघा. मधे दार असलेल्या कनेक्टिंग केबिन असतात खरं थोड्याच, लवकर संपतात. त्या नाही मिळाल्या तर समोरासमोरच्या मागा. सासूबाई आणि मुलगी एकीत, तुम्ही दोघं बाळाला घेऊन दुसरीत. एक मात्र विचारून घ्या, केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं आणि तिसऱ्या-चौथ्याला कमी असं बऱ्याच कंपन्यांत असतंय, त्यामुळे मुलगी सासूबाईंबरोबर गेली की तिचं पण पूर्ण तिकीट लागू शकतंय.

बिनखिडकीची केबिन मला वाईट वाटली नाही, दुपारी लाइट बंद केला की मिट्ट काळोख, पोरं अशी झोपली की घरी कधी झोपत नाहीत. खरं सकाळ झालेली पण कळत नाही, आणि रात्री बाथरूमला उठायचं तर काही दिसत नाही, एक छोटा बॅटरीवाला दिवा न्या. सासूबाईंना गुदमरत असेल तर त्यांच्याकडे खिडकीवाली द्या, ती खिडकी उघडत नाही खरं बाहेर उजेड दिसतोय तेवढ्यानं माणसाला बरं वाटतंय.

आणि बाथरूम! साध्या केबिनमध्ये टब नसतोय, शॉवरची जागा एवढीशी की मोठ्या माणसाचं कोपर भिंतीला लागतंय, वर पडदा अंगाला चिकटतोय. दीड वर्षाच्या बाळाला तिथं उभं करून आंघोळ घालणं म्हणजे दोघांचं काम, एकानं धरायचं एकानं घालायची. घरनं प्लॅस्टिकचा मग आणि हवा भरायचा छोटा टब न्या, मी नेला होता आणि रोज वापरला.

खानापूरकर_जहाजी
मी बरीच वर्षं जहाजावर हाउसकीपिंगला होतो, आता गावी शेती बघतोय. केबिनचा प्रकार सगळे विचारतात, केबिन जहाजात कुठं आहे ते कुणी विचारत नाही, आणि पोरं घेऊन जाणाऱ्यानं तेच आधी विचारायला पाहिजे.

जहाज पुढं-मागं झुलतंय तेव्हा सगळ्यात जास्त हालतात दोन्ही टोकं, आणि डावी-उजवीकडं कलतंय तेव्हा जास्त हालतात वरचे मजले. म्हणजे मधोमध आणि खालच्या डेकवर हालचाल सगळ्यात कमी. वैनी तुमच्या मुलीसाठी हेच औषध आहे बघा. वरच्या डेकच्या टोकाची महाग बाल्कनी घेतली तर तिला जास्त त्रास व्हायचा, आणि मधली खालची साधी केबिन घेतली तर हालचाल बरीच कमी जाणवते. दसऱ्याच्या वेळी पाऊस बहुतेक सरत आलेला असतोय, भर पावसाळ्यासारखा समुद्र सहसा खवळलेला नसतोय, तेवढी काळजी करू नका.

दुसरं आवाज. डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या कुठल्या मजल्यावर काय आहे त्याचा नकाशा, बहुतेक कंपन्यांच्या साइटवर असतोय, तो उघडून आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघायचं. दोन्हीकडं केबिनच असतील तर शांत. वर पूल डेक असला तर पहाटे पहाटे खुर्च्या ओढतात, खाली थिएटर नाहीतर डिस्को असला तर बाळ रात्री अकरापर्यंत झोपलं म्हणून समजू नका. अगदी पुढच्या बाजूला खालच्या डेकवर नांगराची साखळी आणि थ्रस्टर (जहाज बाजूला सरकवायचे पंखे), बंदराला लागताना पहाटे भिंत थरथरते. लिफ्टजवळ हवी खरं अगदी लिफ्टसमोर नको, चार-पाच दारं सोडून घ्या. सासूबाईंना पण चालायला कमी पडतंय आणि लोकांचा गोंधळ पण दारात येत नाही.

स्वस्तात 'गॅरंटी केबिन' म्हणून देतात, त्यात नंबर कंपनी ठरवते. दोघंच असाल तर घ्या. पोरं असताना अजिबात नको, दोन केबिन दोन वेगळ्या डेकवर आल्या तर काय करणार?

आणि बेड. तिसरा-चौथा बेड बऱ्याचदा भिंतीतनं नाहीतर छतातनं खाली ओढायचा असतोय, त्याला शिडी. ६ वर्षांखालच्या पोराला वर झोपवायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत. तुमची मुलगी आणि सासूबाई दोघीच एका केबिनीत असतील तर खालचे दोन बेड वापरा, प्रश्नच मिटला. बाळासाठी पाळणा बुकिंगच्या वेळीच लिहून मागा, मोजकेच असतात, आणि तो ठेवल्यावर चालायला जागा उरतेय का ते पण विचारा. मुंबईहून जे एम्प्रेस नावाचं जहाज सुटत आलंय ते १९९० चं आहे, त्या काळी केबिन लहानच बांधायचे आणि बाल्कनीच्या केबिन पण थोड्याच. त्यामुळे तिथं बाल्कनीसाठी जो जादा पैसा मोजाल त्यातनं दुसरी केबिन कितीला पडतेय ते आधी बघा.

शहापूर_बाबा
मी बाल्कनीच्या बाजूनं बोलतो. बाळ दुपारी झोपलं की आईबापानं काय करायचं? बाहेर जाता येत नाही, आत लाइट लावता येत नाही. आम्ही सिंगापूरहून गेलो होतो तेव्हा बाळ आत झोपलेलं आणि आम्ही दोघं बाल्कनीत चहा घेऊन बसलेलो, अख्ख्या ट्रिपमध्ये निवांत असे तेवढेच तास मिळाले. पैसे असतील तर त्याची किंमत आहे.

खानापूरकर_जहाजी
दादा तुमचं खरं आहे. खरं वैनींचं बाळ चढणारं आहे, तिथं माझा जीव घाबरतोय. बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक टेबल असतंय, खुर्ची कठड्याला सरकली की झालं. दाराला वर कडी असते, बहुतेक ठिकाणी पोराच्या हाताला येत नाही, खरं मोठं माणूस फोटो काढून आत येताना कडी लावायला विसरतंय, हे मी कितीदा बघितलंय. घ्यायचीच असेल तर पहिल्या दिवशीच स्टुअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्याला, सांगून खुर्च्या-टेबल काढून न्यायला लावा, बऱ्याचदा नेतात. नंतर पाहिजे तर परत आणून देतात.

टिळकवाडी_आई
बाल्कनी रद्द, वाचूनच पोटात गोळा आला. काका, मुलीला गाडी लागू नये म्हणून आम्ही ॲव्होमिन देतो, ती जहाजावर चालेल का? आणि बाळाला?

खडेबाजार_मेडिकल
अक्का, बाळाला अजिबात देऊ नका. त्यात प्रोमेथाझिन असतंय, २ वर्षांखालच्या पोरांना ते द्यायचं नसतंय, श्वासावर परिणाम होतोय. मुलीला पण तिच्या वजनावर डोस किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि त्रास सुरू झाल्यावर नाही तर आधीच, किती आधी ते पण त्यांनाच विचारा. त्यानं झोप येते, पाण्यात सोडू नका त्या वेळी. उपाशीपोटी ठेवू नका, लिंबू जवळ ठेवा, आणि मळमळलं की उघड्या डेकवर नेऊन लांब क्षितिजाकडं बघायला लावा.

निपाणीची_सून
अजून दोन गोष्टी. जहाज सुटायच्या वेळी सेफ्टी ड्रिल असतंय, तिथं दोन्ही पोरांच्या मापाची लहान लाइफ जॅकेट आहेत का ते पोरांना घालून बघा, पुढं टाकू नका. आणि गोव्याला जहाज मुरगावला लागतंय तेव्हा सगळे उतरतात, आपण बेळगाववाले गोव्याला एरवी पण जातोच की, त्या दिवशी जहाजावरच राहा, पूल रिकामा असतोय. डायपरवाल्या बाळाला पुलात सोडत नाहीत, त्याला शॉवरखाली खेळवायचं.

टिळकवाडी_आई
ठरलं मग. दोन केबिन, समोरासमोर, मधोमध, खालच्या डेकवर, सासूबाई आणि मुलीची खिडकीवाली आणि आमची बिनखिडकीची. मिस्टर खूश, सासूबाई पण खूश. उद्या एजंटकडं डेक प्लॅनचा प्रिंट घेऊनच जाते.

खानापूरकर_जहाजी
शाब्बास. दोन्ही केबिनचे नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. आणि आदल्या दिवशीच मुंबईला पोचा, रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरून त्याच दिवशी बॅलार्ड पिअर (जहाज सुटतंय तो धक्का) गाठायच्या भरवशावर राहू नका, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही.