इन-इअर मॉनिटरसाठी मिलिवॉट हा निकष नको
कमी किमतीत जास्तीत जास्त मिलिवॉट, म्हणजे जास्तीत जास्त शक्ती, देणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, हा सल्ला मोठ्या हेडफोनसाठी योग्य असला, तरी इन-इअर मॉनिटरसाठी, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या इअरफोनसाठी, मला तो पटत नाही. एका मिलिवॉटवरच ते बहुधा १०० डेसिबलहून मोठा आवाज देतात. त्यामुळे शक्तीऐवजी अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आउटपुटचा विद्युत अडथळा, आधी पाहावा. १६ ओहमच्या मॉनिटरसाठी तो २ ओहमपेक्षा कमी हवा, कारण अनेक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे स्पीकर) असलेल्या मॉनिटरचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलतो आणि मग आवाजाचा तोलच ढळतो. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण, कमी करण्याची सोय तर हवीच. घेण्यापूर्वी गाणे थांबवून सूक्ष्म खरखर येते का, ते ऐकावे. अगदी कमी व्हॉल्यूमवर डावा-उजवा आवाज सारखा राहतो का, हेही तपासावे, कारण स्वस्त पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा भाग) नेमका तिथेच दगा देतो.