तारे नकोत, तारखा बघा

दादरच्या ऑर्थोपेडिकला ४.९ रेटिंग आहे, तर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथेच करावं का, असं एकांनी विचारलंय. आकडा सोडा, रिव्ह्यू 'नवीन आधी' लावून तारखा बघा. एकाच आठवड्यात वीस-पंचवीस, सगळे 'बेस्ट डॉक्टर, फ्रेंडली स्टाफ' छापाचे असतील, तर बहुधा डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरचा क्यूआर कोड पुढे करून लिहून घेतलेले. तेव्हा टाकेही निघालेले नसतात! गुडघा किती वाकतो ते काही महिन्यांनी कळतं. तेव्हा कोण लिहायला बसतंय? एक तारावाले बरेचसे वेटिंग आणि पार्किंगवर चिडलेले. त्यातले बिलाचे नि जंतुसंसर्गाचे तेवढे वाचा. प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक मात्र महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकाच. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी लागतं. ते झालंय का, एमएस ऑर्थो (हाडांच्या शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी) नोंदलंय का, बघा.