कलिंगडाच्या सॅलडला पाणी सुटतं, तुम्ही काय करता?

कडक उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणाला गरम काही नकोसं वाटतं, म्हणून गेल्या रविवारी आठ जणांसाठी कलिंगडाचं सॅलड केलं. फोडी, काकडी, कांदा, पुदिना, लिंबू, मीठ, मिरपूड आणि वरून कुस्करलेलं फेटा चीज. कालवल्यावर चाखलं तेव्हा सुरेख झालं होतं. पाहुणे अर्धा तास उशिरा आले, तोवर तळाशी गुलाबी पाणी साचलं, चीजचा लगदा झाला आणि पुदिना काळा पडला. मोठी बहीण दीर्घ आजारातून उठली आहे, तिच्या तोंडाला चव नाही. हे सगळं तिच्यासाठीच केलं होतं, म्हणून फार वाईट वाटलं. कलिंगडात ९१-९२ टक्के पाणी असतं हे ठाऊक आहे, पण ते फोडीतच कसं राहील? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

* * *

ताई, तुमच्या हातून फक्त मीठ लवकर पडलं. कापताना फोडीच्या कडेच्या पेशी फुटतात, त्यात वरून मीठ पडलं की ते आतलं पाणी ओढून घेतं. मी एकदा दोन वाट्यांत सारख्याच फोडी घेतल्या, एकीत मीठ घातलं, दुसरीत नाही. वीस मिनिटांनी मिठाच्या वाटीत फोडी पाण्यात बसल्या होत्या आणि दुसरीत तळ जेमतेम ओला झाला होता. तेव्हापासून मीठ आणि लिंबू ताटात वाढायच्या क्षणीच.

माझी पद्धत सांगते. फोडी मोठ्या ठेवायच्या, साधारण तीन सेंटिमीटरच्या, कारण बारीक चिरल्या की कापलेल्या कडा वाढतात आणि पाणीही. धारदार सुरी हवीच, बोथट सुरीने गर चेंगरतो. फोडी चाळणीत घालून खाली भांडं ठेवायचं आणि तासभर फ्रीजमध्ये. काकडीच्या मधल्या बिया काढायच्या, तिला वेगळं मीठ लावून दहा मिनिटांनी टिपून घ्यायचं. काकडीतही पाणी भरपूर असतं आणि बऱ्याचदा खरा घोटाळा तीच करते. चीज कुस्करण्याऐवजी त्याचे तुकडे करून सगळ्यात शेवटी. पुदिन्याची पानं सुरीने न कापता हाताने तोडून, तीही वाढताना.

चाळणीखाली जमलेला रस फेकू नका. मंद आचेवर एक तृतीयांश उरेपर्यंत आटवा, गार झाल्यावर लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल घालून फेटा. या सॅलडला यापेक्षा चांगलं ड्रेसिंग मला अजून सापडलेलं नाही.

* * *

कांदा चिरून १० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग कापडावर कोरडा करा. उग्रपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो. ओला कांदा तसाच घातला तर वरची सगळी मेहनत वाया.

* * *

अर्धं काम फळ निवडतानाच होतं. कलिंगड वेलीवरून काढल्यावर आणखी गोड होत नाही, त्यामुळे कच्चं आणून घरी पिकवू हा विचार सोडून द्या. मी दोन गोष्टी बघतो. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग लोण्यासारखा पिवळा हवा, पांढरट असेल तर फळ लवकर काढलंय. आणि सारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड असेल ते घ्यायचं. ठोकून आवाज ऐकायची सवय मलाही आहे, पण त्या आवाजाने मला अनेकदा फसवलंय.

जास्त पिकलेल्या फळाचा गर रवाळ होतो, तो सॅलडमध्ये टिकतच नाही. असं निघालं तर सरळ सरबत करा, सॅलडचा हट्ट नको. आणखी एक, मधला गाभा सगळ्यात गोड असतो. उभ्या पाचरी केल्या की प्रत्येकाच्या वाट्याला थोडा गाभा येतो.

* * *

आईला मधुमेह आहे. कित्येक वर्षं आम्ही कलिंगड घरात आणलंच नाही, कारण त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप, जास्त असतो असं वाचलं होतं. शेवटी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी प्रमाणाकडे बघायला सांगितलं. १०० ग्रॅम गरात साधारण ६ ग्रॅम साखर आणि ३० कॅलरी असतात. आता तिला एक छोटी वाटी सॅलड देते, त्यात काकडी जास्त, चीज आणि थोडे अक्रोड. सुरुवातीला प्रत्येक वेळी मीटरवर साखर तपासली. तिच्या बाबतीत हे प्रमाण चाललं, तुमच्या घरी आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पहिली वाटी खाताना तिचा चेहरा बघून मला रडू आलं होतं.

* * *

माझा अनुभव कटू आहे, पण लिहितो. कापलेलं सॅलड डब्यात भरून सहलीला नेलं, गाडी तीन तास उन्हात होती. रात्री चौघांनाही जुलाब आणि उलट्या, धाकटीला सलाइन लावावं लागलं. कशाने झालं हे तपासलं नाही, पण तो डबा आम्ही न्यायलाच नको होता. कापलेलं कलिंगड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ३२ अंशांवर उष्णता असेल तर एकच तास. आणि कापण्याआधी आख्खं फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल खाणार नसलो तरी सुरी सालीवरची घाण गरात नेते. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

* * *

सालीबद्दल कुणीच लिहिलं नाही! हिरवं आवरण सोलून पांढरा भाग कागदासारखा पातळ कापा, व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखरेत अर्धा तास ठेवा, निथळून सॅलडमध्ये घाला. मऊ गराशेजारी ही कुरकुर फार छान लागते. तेलाचा हातही फार आखडू नका. लाल रंग ज्या लायकोपीनचा, ते स्निग्ध पदार्थाबरोबर शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा केलं. फळ आधी धुतलं, फोडी चाळणीत ठेवल्या, रस आटवला, मीठ ताटात. बहिणीने दोनदा मागून घेतलं आणि भांड्यात शेवटपर्यंत चमचाभरच पाणी होतं. साल फ्रीजमध्ये जपून ठेवली आहे, उद्या तीच करते.